पायातली चप्पल राहू द्या

भरतनाट्यम शिकलेल्या माणसाला चप्पल घालून नाचायला सांगून बघा, पाय तयारच होत नाहीत. दाराशी चपला काढायच्या, आत येऊन भूमीला नमस्कार करायचा, मगच अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्ध्या बैठकीत, बसायचं, हे इतक्या लहान वयात अंगात मुरतं की पुढे तो नियम आहे हेही लक्षात राहत नाही. आमच्या गुरू तर फी भरायला आलेल्या पालकांनाही चपलेसह वर्गात येऊ देत नसत. आणि आज, ज्येष्ठ आणि आजारी माणसांसोबत नृत्याचं काम करताना, तास सुरू होण्याआधी मी सर्वांत पहिल्यांदा सांगते ते हेच: काकू, पायातली चप्पल राहू द्या.

कारण साधं आहे. आमच्या गटात येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना मधुमेह आहे, आणि तोही जुना. मधुमेह वर्षानुवर्षं अंगात राहिला की पायाच्या नसा बधिर होत जातात. टाचणी टोचली, खडा रुतला, चटका बसला तरी कळत नाही. त्यात सोलापूरचा उन्हाळा. एप्रिलमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो आणि सकाळी दहालाच अंगणातली फरशी तापलेली असते. सभागृहाच्या फाटकाशी चपला काढून, अनवाणी अंगण ओलांडून आत आलेल्या माणसाच्या तळव्याला फोड आलेला असतो आणि त्याला पत्ता नसतो. नाचताना तो फोड फुटतो. अशी जखम लवकर भरत नाही, चिघळली तर बोट कापण्यापर्यंत गोष्ट जाते. म्हणजे मी ज्याला पावित्र्य म्हणते, ते माझ्यासमोरच्या बाईचं पाऊल घेऊन जाऊ शकतं.

चप्पल राहू द्या म्हटल्यावरही काम संपत नाही. रबरी स्लिपर घालून बाजूला पाऊल टाकलं की ती पुढून मुडपते आणि माणूस पडतो. म्हणून मागे पट्टा असलेली, घट्ट बसणारी हवी. ती सगळ्यांकडे नसते. मग तो तास बसून. आणि भूमीला नमस्कार? तो आम्ही करतोच. खुर्चीत बसून, दोन्ही हात मांडीवरून हळूहळू खाली सोडून, जिथवर पोचतील तिथवर. तेवढं मी सोडलेलं नाही आणि सोडणारही नाही. कारण त्या नमस्कारानंतर खोली बदलते, गप्पा थांबतात, कुणीतरी पदर सावरून ताठ बसतं.

हे सगळं नृत्याच्या विशारद परीक्षेच्या अभ्यासक्रमात नव्हतं. असायला हवं होतं असंही माझं म्हणणं नाही. त्या परीक्षेला अडवू, म्हणजे मूळ पदन्यास, शुद्ध हवेत, ताल पक्का हवा, अभिनयात मुद्रांचे विनियोग बरोबर हवेत. ती शिस्त मला आजही उपयोगी पडते. मला जे म्हणायचं आहे ते वेगळं. उत्तम नर्तक आहे, मनानं चांगला आहे, माणसांची आवड आहे, एवढ्या भांडवलावर त्याला रुग्णांमध्ये पाठवू नये. त्याला आधी शिकवावं, नीट, महिनोन् महिने, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली. नृत्याच्या वार्षिक कार्यक्रमात नाट्यशास्त्राच्या पहिल्या अध्यायाचा दाखला हमखास दिला जातो: दुःखानं, श्रमानं, शोकानं पिचलेल्यांना नाट्य विश्रांती देईल, असं भरतमुनींनी म्हटलं आहे. खरं आहे. पण ती विश्रांती पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात, झालेल्या माणसाला सकाळी अकराच्या तासात कशी द्यायची, हे त्यातून मिळत नाही. ते दुसरीकडे शिकावं लागतं.

मी ते पुण्या-मुंबईला जाऊन येऊन शिकले, काही भाग ऑनलाइन. त्यातला मला सर्वांत अवघड गेलेला भाग नाचाचा नव्हताच. एका खुर्चीत बसलेल्या बाईकडे पंधरा मिनिटं पाहायचं आणि जे दिसलं तेवढंच लिहायचं. ‘थकलेली वाटते’ असं लिहिलं की खोडायला सांगायचे. थकवा दिसत नाही, तो आपण लावलेला अर्थ आहे. मग लिहायचं: उजवा खांदा डाव्यापेक्षा वर. श्वास छातीत वरच्या वर. डावा हात दर थोड्या वेळानं पदराकडे जातो. मान वळवायची तर अख्खं धड वळतं. नृत्याचे अभ्यासक रुडॉल्फ लाबान यांनी हालचाल पाहण्याची जी पद्धत घालून दिली, वजन, वेळ, अवकाश आणि ओघ या चार अंगांनी, ती इथे कामाला येते. नृत्यशिक्षकाची नजर चूक शोधायला तयार झालेली असते. गुडघा आत आला, कोपर पडलं, की तोंडातून शब्द निघतोच. ती नजर बाजूला ठेवून नुसतं पाहता येणं ही कमाई आहे, आणि ती फार हळू होते.

या कामाला इतिहास आहे, तोही माहीत असावा. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स या मनोरुग्णालयात मॅरियन चेस नावाच्या नर्तकीनं १९४२ मध्ये रुग्णांसोबत काम सुरू केलं. मनोविकारांवरची आजची औषधं तेव्हा आलेली नव्हती. रुग्णांचा फेर धरायचा, एखाद्याची हालचाल आपल्या अंगात घेऊन त्याला परत दाखवायची, तिथून पुढे न्यायचं, अशी तिची रीत होती. पुढे १९६६ मध्ये तिथे नृत्यचिकित्सकांची संघटना उभी राहिली, चेस तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. आपल्याकडे त्रिपुरा कश्यप यांनी ही विद्या आणली आणि रुजवली. सोहिनी चक्रवर्ती यांच्या ‘कोलकाता संवेद’ या संस्थेनं मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेसोबत पदविका अभ्यासक्रम चालवला. हा सगळा नृत्य-चिकित्सेचा रस्ता. त्यात मानसशास्त्र असतं, रुग्णाचं मूल्यमापन असतं, उपचाराची आखणी असते.

दुसरा रस्ता नृत्यकलाकाराचा, आणि मी त्यावरची आहे. २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेनं तिथल्या पार्किन्सन्स गटासाठी वर्ग सुरू केला. तिथे शिकवणारे कंपनीचे नर्तक होते, आणि येणाऱ्यांना रुग्ण म्हणून नाही, नाच शिकणारे म्हणून वागवलं जायचं. पुण्यात हृषिकेश पवार यांनी पार्किन्सन्स झालेल्यांसाठी नृत्यवर्ग घेतले, ते याच वळणाचे. या रस्त्यावर मी कुणावर उपचार करत नाही. मी नृत्य शिकवते, आणि समोरच्याचं शरीर ज्या अवस्थेत आहे त्या अवस्थेत त्याला ते कला म्हणून मिळेल याची काळजी घेते. ही रेघ प्रशिक्षणात पुन्हा पुन्हा गिरवून घेतात. कारण सोलापुरासारख्या गावात चार आठवड्यांत लोक तुम्हाला ‘डॉक्टर मॅडम’ म्हणायला लागतात आणि गोळ्यांचे कागद पुढे करतात. कागद परत करायचा. प्रेमानं, पण करायचाच.

संशोधनाबाबतही तसंच. २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या ७५ वर्षांवरच्या ४६९ माणसांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात शारीरिक हालचालीच्या छंदांपैकी एकट्या नृत्याचा स्मृतिभ्रंशाच्या कमी जोखमीशी संबंध दिसला. हा अभ्यास दर काही महिन्यांनी व्हॉट्सॲपवर ‘नाचा आणि विसरभोळेपणा पळवा’ अशा रूपात फिरतो. पण तो निरीक्षणावरचा अभ्यास होता. जे नाचू शकत होते ते मुळात अधिक धडधाकट असतील, हीही शक्यता उरते. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयानं कला आणि आरोग्य यांवरच्या तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा काढला, तो मोठा आधार आहे. तरीही एखाद्या मुलानं विचारलं, ‘आईचा स्मृतिभ्रंश यानं थांबेल का?’ तर ‘मी तसं सांगू शकत नाही, पण त्या दिवशी त्या हसल्या आणि सबंध गाणं त्यांनी म्हटलं’ एवढंच खरं उत्तर आहे. खोटी आशा विकणारे आपल्याकडे आधीच खूप आहेत.

पार्किन्सन्सविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण प्रशिक्षण म्हणजे काय हे तिथे सर्वांत स्वच्छ दिसतं.

या आजारात मेंदूतलं डोपामाइन कमी होतं आणि हालचाल आपोआप सुरू होणं बिघडतं. चालता चालता पाय जमिनीला चिकटतात, विशेषतः दारात आणि वळताना. पण बाहेरून खूण मिळाली तर पाऊल उचलतं. ठेक्याची खूण, नाहीतर डोळ्यांना दिसणारी रेघ. आमच्या जागेत शहाबादी फरशी आहे. मी शिकून आले आणि पहिल्यांदा त्या फरशीच्या सांध्यांकडे नीट पाहिलं. सांधा ओलांडायचा म्हटलं की थबकलेले काका पुढे येतात. पण सांधे दोन दोन फुटांवर, पाऊल तेवढं पडत नाही. म्हणून मधे रंगीत चिकटपट्ट्या लावल्या, चालण्याच्या दिशेला आडव्या. उभ्या लावल्या असत्या तर काहीच उपयोग नव्हता. इतक्या बारीक गोष्टीवर एखादं माणूस पडतं की चालतं हे ठरतं.

दुसरी गोष्ट औषधाच्या वेळेची. लेव्होडोपा या पार्किन्सन्सवरच्या औषधाची गोळी घेतल्यावर साधारण अर्धा ते एक तासानं असर येतो आणि काही तासांनी ओसरतो. म्हणून तास कधी ठेवायचा हे माझ्या सोयीनं ठरत नाही. कुणाची गोळी किती वाजता, नाश्ता कधी, हे घरच्यांना विचारून ठरतं. डाळ, दूध असं प्रथिनांचं जेवण गोळीसोबतच पडलं तर काहींना असर कमी होतो, म्हणून एखादे काका आज का जड आहेत हे कळायला त्यांनी काय खाल्लं तेही विचारते. बदल सांगायचा तो मात्र त्यांच्या डॉक्टरांनी. बसून पटकन उठल्यावर काहींचा रक्तदाब घसरतो, म्हणून आमच्या नाचात उठणं ही एक अख्खी रचना आहे, आठ मात्रांची: टाचा मागे, हात मांडीवर, छाती पुढे, श्वास, मग वर, आणि वर आल्यावर चार मात्रा नुसतं उभं राहणं. आणि त्या वेळात मी बोलत नाही. चालताना दुसरीकडे लक्ष गेलं की त्यांचं पाऊल अडखळतं, हे एकदा समजलं की शिक्षकानं आपली बडबड आवरायला हवी हेही समजतं. सूचना अंगानं द्यायची. नर्तकाला ते जमायलाच हवं.

सोलापुरात ठेका म्हटला की लेझीम. गणपतीच्या आधी महिनाभर गल्लीगल्लीत सराव चालतो, रात्री हलगी ऐकत पोरं झोपतात. आमच्या गटात एक तात्या आहेत, तरुणपणी एका मंडळाच्या लेझीम पथकाचे वस्ताद. आता उजव्या हाताला कंप. लेझीम हातात द्यावी की नाही यावर मी बराच विचार केला. स्थिर हाताला येणारा तो कंप, लेझीम नुसती धरली तरी चकत्या वाजणार आणि अख्ख्या खोलीला तो ऐकू जाणार. जो हात माणूस खिशात नाहीतर मांडीखाली लपवतो, त्याच हाताला आपण आवाज दिला असं होईल. मी फिजिओथेरपिस्टांशी बोलले. माझ्या मार्गदर्शक बाईंशी फोनवर बोलले. त्या म्हणाल्या, त्यांना विचारलंस का? मी तात्यांना एकट्यात गाठून विचारलं. ते म्हणाले, ‘आण की, त्यात काय इचारायचं.’

हलकी लाकडी लेझीम आणली. धरली, चकत्या खुळखुळायला लागल्या. दोघांनी वळून पाहिलं. मग तात्यांनी पहिला डाव घेतला, आणि हात हलायला लागताच ती आपोआपची खुळखुळ विरली. हा कंप विश्रांतीतला असतो, हेतूनं हालचाल सुरू केली की बऱ्याच जणांमध्ये तो कमी होतो. मी हे वाचलं होतं. तरी चकत्या हलगीच्या घावावर, फक्त घावावर वाजताना ऐकणं निराळं. डाव संपून हात खाली आला, पुन्हा खुळखुळ. तात्या म्हणाले, ‘थांबलो की वाजतंय, नाचलो की गप.’ आणि पुढच्या डावाला लागले. आता लेझीम कुणाला द्यायची हे मी ठरवत नाही, टेबलावर ठेवते. काही जण घेतात, काही जण महिने गेले तरी घेत नाहीत, आणि तेही चालतं.

सोलापूरच्या पूर्व भागातलं काम वेगळं. तिथे आमचा दुसरा गट भरतो, निवृत्त यंत्रमाग कामगार आणि विड्या वळणाऱ्या बायका, बहुतेक तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली समाजातले. तिथे मला माझं सगळं पाठांतर नव्यानं मांडावं लागलं. चादरीच्या नि टॉवेलच्या मागांवर तीस-चाळीस वर्षं काढलेल्या माणसाचे कान गेलेले असतात. आवाजानं येणारा बहिरेपणा आधी उंच पट्टीचे आवाज खातो. घुंगरू ऐकू येत नाहीत, टाळ येत नाहीत, बाईचा बारीक आवाज शब्दांशिवाय नुसता पोचतो. खालच्या पट्टीचा आवाज मात्र बराच काळ टिकतो, आणि तो अंगातूनही जातो. म्हणून तिथे घुंगरू मी नेतच नाही. लाकडी फळ्यांचा एक ठेंगणा मंच आहे, त्यावर खुर्च्या मांडतो आणि ढोल त्या फळ्यांना टेकवून वाजवतो. ठेका पायातून वर येतो. एक अण्णा डोळे मिटून बसतात आणि बरोबर समेवर मान हलवतात. मागाची लय त्यांनी आयुष्यभर ऐकली, धोट्याच्या ये-जा करण्यासोबत त्यांचं अंग हललं. लय त्यांना शिकवावी लागत नाही. ती ज्या कामानं दिली त्याच कामानं त्यांचे कान नेले, हे आठवलं की मला अजून राग येतो. आवाज अडवायला कानात घालायचे बोळे किती महाग असतात?

विड्या वळणाऱ्या बायकांचं अंग निराळं दुखतं. मांडीवर सूप, पाय पसरलेले नाहीतर एक दुमडलेला, मान खाली, दिवसभर. मजुरी हजार विड्यांवर, म्हणून हात थांबवायचा नाही. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. अंगठा आणि तर्जनी यांचं काम एवढं झालेलं की तिथल्या स्नायूंना आणखी काम देणं म्हणजे छळ. भरतनाट्यममधल्या हस्तमुद्रा मी मोठ्या हौसेनं नेल्या असत्या, पण कटकामुख आणि हंसास्य या दोन्ही मुद्रांत बोटं अगदी विडी वळल्यासारखीच जुळतात. मी त्या वगळल्या. पताक, अलपद्म, उघडणारे हात घेतले. अलपद्मात करंगळीपासून एकेक बोट फुलत जातं. पहिल्यांदा केलं तेव्हा एक अक्का आपल्याच हाताकडे बघत म्हणाल्या, असा हात कधी उघडलाच नव्हता. खांदे मागे, छाती उघडी, नजर वर, एवढ्यावर आम्ही कितीतरी तास काढले. या निवडी कुठल्याही पुस्तकात सोलापूरसाठी लिहून ठेवलेल्या नाहीत. पण निवडायचं कसं, आधी शरीराला काय काम पडतं ते पाहायचं, हे प्रशिक्षणानं दिलं.

आणि त्या बायकांना नाच शिकवायला मी कोण? नवरात्राच्या सुमारास पूर्व भागात बतुकम्मा हा तेलुगू बायकांचा फुलांचा सण होतो. फुलांचे थर रचायचे, भोवती फेर धरायचा, एकीनं गाणं सांगायचं, बाकीच्यांनी उचलायचं, टाळी देत वाकायचं, पुन्हा वर यायचं. आमच्या झिम्मा-फुगडीची ही शेजारीणच. चेस बाईंनी रुग्णालयात जो फेर धरला तो इथल्या बायका पिढ्यानपिढ्या धरत आल्या आहेत. मी त्यांच्याकडून तो शिकले, आणि माझ्या बाजूनं एकच बदल सुचवला. ज्यांची हाडं ठिसूळ झाली आहेत त्यांनी कंबरेतून खोल वाकणं धोक्याचं, मणक्याला इजा होते. म्हणून फुलं जमिनीवर न रचता उंच टेबलावर रचली. टाळी छातीच्या उंचीवर आली, फेर तोच राहिला. एकदोघी कुरकुरल्या, देवी जमिनीवरच बसते म्हणाल्या. त्यांच्यासाठी छोटी परडी खालीही ठेवली, ज्यांचे गुडघे-कंबर धड आहेत त्या तिथे जातात.

मोजायचं तेलुगूत: ओकटी, रेंडु, मूडु, नालुगु. पहिल्या गटात अक्कलकोटकडच्या दोघी आहेत, त्यांच्यासाठी कानडीत: ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. हात धरायच्या आधी दर वेळी विचारायचं, ‘चेय्यि पट्टुकोवच्चा?’ मागच्या आठवड्यात हो म्हणाल्या होत्या म्हणून आज हो, असं धरायचं नाही. वय झालेल्या माणसाला आपल्याकडे कुणीही उठवतं, बसवतं, दंडाला धरून वळवतं. विचारत कुणी नाही. काही घरांत ‘आमच्यात बायका नाचत नाहीत’ असं ऐकावं लागतं, विशेषतः विधवा सासूला पाठवायची वेळ आली की. मी वाद घालत नाही. सुनेलाही सोबत बोलावते आणि खुर्ची देते.

फोटोंचं सांगायलाच हवं. कुणी पाहुणे आले की पहिली मागणी फोटोची. बॅनर, हार, खुर्चीतल्या आज्यांचे वर केलेले हात. आमच्याकडे तासात मोबाइल बंद. कुणाला कोणता आजार आहे हे त्यांनी आपल्याला सांगितलं तो विश्वास आहे, आणि स्मृतिभ्रंश झालेली बाई आज हसून हो म्हणाली तरी ती संमती धरता येत नाही. यावरून एका ठिकाणी आमचं काम थांबलं. थांबलं तर थांबलं.

माणसं जातात, हे या कामात येतंच. माझ्या शनिवारच्या नृत्यवर्गातल्या मुली शिकून, लग्न होऊन जातात. इथे जाणं वेगळं. त्या आठवड्यात गटाला काय सांगायचं, त्यांचं आवडतं गाणं लावायचं की नाही, रडू आलेल्याला रडू द्यायचं आणि तरी तास बंद कसा करायचा, याचीही तयारी असावी लागते. आणि शिकवणाऱ्यानं स्वतःचं ओझं कुठे उतरवायचं याची सोय हवी. माझ्या मार्गदर्शक बाईंशी मी ठरलेल्या वेळी बोलते. तो वेळ पगारी कामाचा भाग धरला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. त्याशिवाय चांगले कलाकार दोन-तीन वर्षांत आटतात.

पगाराचा विषय आलाच आहे तर. आपल्याकडे कलाकाराला शाल-श्रीफळ देऊन पाठवायची पद्धत आहे. सेवा म्हणून करा, पुण्य मिळेल. पुण्यावर प्रशिक्षणाची फी भरता येत नाही आणि रेल्वेचं तिकीटही निघत नाही. देशात २०२१ मध्ये आरोग्यसेवेतल्या पूरक व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला, त्याच्या अनुसूचीत नृत्य-चिकित्सकाचा उल्लेख आहे. चांगली गोष्ट. पण माझ्यासारखी, चिकित्सक नसलेली पण रुग्णांमध्ये काम करणारी कलाकार कुठल्याच यादीत बसत नाही. तिचं प्रशिक्षण किती असावं, तिला कुणी तपासावं, तिला मानधन किती, हे प्रत्येक ठिकाणी नव्यानं भांडून ठरतं. ज्याला भांडता येत नाही तो फुकट करतो, आणि फुकट करणाऱ्याला कुणी ‘तू काय शिकलास?’ विचारत नाही. धोका तिथेच आहे.

म्हणून या वर्षी सोलापुरातच एक छोटा गट शिकवायला घेते आहे. दोघी भरतनाट्यमच्या विशारद, एक कथक करणारा मुलगा, लेझीमचे दोन वस्ताद, आणि पूर्व भागातली बतुकम्माची गाणी सांगणारी एक अक्का. तिला परीक्षा नाही, पण बाकीच्यांना तिच्याकडून शिकायचं आहे. फिजिओथेरपिस्ट आणि मानसोपचार विभागातल्या एक परिचारिका शिकवायला येणार आहेत, दोघांना मानधन ठरवूनच बोलावलं. पहिले दोन महिने कुणीही शिकवायचं नाही, कडेला बसून पाहायचं आणि वहीत लिहायचं. लेझीमच्या थोरल्या वस्तादांनी विचारलं, ‘मॅडम, हलगी आणू का?’ मी म्हटलं आणा, पण आधी तात्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसा. ते म्हणाले, तात्यांनीच मला पहिला डाव शिकवलाय.